दुसरा गोल

"थांबा बाई, फाडू नका!"

आमच्या किराणा दुकानाची पायरी चढायच्या आधीच मास्तरांचा आवाज यायचा. मी आत, गोणपाटाच्या पडद्यामागं, रद्दी फाडून पुड्या चिकटवत बसलेली असायची. माझा हात थांबायचा. मास्तर बाकावर बसून रद्दीचा गठ्ठा मांडीवर घेत आणि एकेक जुनं उर्दू वर्तमानपत्र चाळत. फुटबॉलची बातमी सापडली की खिशातल्या कागदावर उतरवून घेत. मग गठ्ठा पडद्याखालून आत सरकवत आणि म्हणत, "आता फाडा. आता यात काही राहिलं नाही."

असा माणूस तुमच्याही गावात असेल. गाव त्याला हसतं, आणि हसून झालं की आपली पोरं त्याच्याच हाती देऊन रांगेत उभी करून घेतं. आमच्या मुरूम गावच्या शाळेत हे डिरिलमास्तर, म्हणजे कवायतीचे मास्तर, होते. मी त्यांच्याबद्दल शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

मास्तर हैदराबादला शिकलेले. घरी मराठी बोलत, पण निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, म्हणून लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत. तिथंच ते अनवाणी फुटबॉल खेळले आणि तिथंच कुठल्याशा पेपरात त्यांना उरुग्वे हा देश सापडला. तो त्यांनी पुन्हा सोडला नाही. गावानं त्यांना 'उरुग्वेचे जावई' म्हणून घेतलं, तरी सोडला नाही.

गल्ल्यावर माझ्या सासूबाई बसत. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

"आत्याबाई, थोडे चिंचोके द्या."

"परवाचे बावीस अजून परत न्हाय केले तुमी."

"ते खेळाडू आहेत. येतील परत."

बाकावर चिंचोके मांडून मास्तर सामना लावत. "आपल्या मराठवाड्यापेक्षा कमी माणसं त्या देशात. चोवीस साली पॅरिसला खेळायला गेले, तर हे कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही. समोरच्यांनी यांचा सराव पाहायला हेर पाठवले. यांना लागला सुगावा. मग मुद्दाम पडले, एकमेकांना धडकले, चेंडू आभाळात मारले. हेर हसत गेले. आणि सामन्यात सात-शून्य!"

"सात?" आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबायचं. "बरी जिरली मेल्यांची."

तीस सालच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात चेंडू कुणाचा यावरूनच भांडण लागलं. शेवटी अर्धा वेळ अर्जेंटिनाचा चेंडू, अर्धा वेळ उरुग्वेचा. यावर आत्याबाई म्हणाल्या, "त्यात काय नवल? आमच्या वाटणीत उखळ असंच ठरलं हुतं. सहा महिने जावंकडं, सहा महिने माझ्याकडं."

"मग जिंकलं कोण?"

"मीच की. माझ्या सहा महिन्यांत लग्नसराई यायची."

मास्तर इतके हसले की चिंचोके खाली सांडले.

पण त्यांचा खरा सामना पन्नास सालचा. ब्राझीलचं मैदान, ब्राझीलची दोन लाख माणसं. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती, आणि पहिला गोलही त्यांनीच केला. "तेव्हा उरुग्वेच्या कप्तानानं काय केलं? जाळीतला चेंडू घेतला काखेत आणि हळू, लई हळू, मैदानाच्या मध्यावर चालत गेला. दोन लाख माणसं ओरडतायत. हा चालतोय. गोल खाल्ल्यावर पळायचं नसतं, आत्याबाई." मास्तर उठून चालून दाखवत. काखेत गुळाची ढेप.

"ढेप ठिवा खाली. मुंग्या लागतील."

जाताना ते फुटाणे घेत. पायरीवरच फुटाणे खिशात रिकामे करायचे, पुडी उलगडायची आणि कागदाच्या दोन्ही बाजू वाचत घराकडं निघायचं. हा नेम कधी चुकला नाही.

मग भाषेप्रमाणं राज्यं झाली. आमचा मुलूख हैदराबादेकडून मराठी राज्यात आला. शाळेत पुण्याकडचे नवे हेडमास्तर आले. उर्दूत शिकलेल्या मास्तरांना मराठीची परीक्षा द्या असा हुकूम निघाला. आमच्या मास्तरांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. पण त्यांना काळजी परीक्षेची नव्हती, वहीची होती. चोवीस सालापासूनची उरुग्वेची सगळी हकीकत त्यांनी एका जाड वहीत लिहिली होती. ती शाळेच्या लायब्ररीत जावी, पोरांनी वाचावी, एवढीच त्यांची इच्छा. हेडमास्तर म्हणाले, "उर्दूत कोण वाचणार, गुरुजी? मराठीत आणा, ठेवू."

मास्तर आमच्याकडं आले. आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाई चौथी शिकल्यात ना? मी वाचून मराठीत सांगतो, त्यांनी उतरवावं."

त्या हिवाळ्यात रोज दुपारी ते बाकावर बसून वही वाचायचे आणि मी पडद्याआड लिहायची. मी त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नाही. एखादा शब्द निसटला तर तेलाच्या रिकाम्या डब्यावर टिचकी मारायची. मास्तर तेवढं वाक्य पुन्हा म्हणायचे. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतक्या वेळा थांबलेलं नाही.

पन्नास सालच्या सामन्यात उरुग्वेनं बरोबरी केली, तिथवर आम्ही आलो. त्या दिवशी मास्तर वही मिटून म्हणाले, "पाहणीला साहेब येणार आहेत, त्यांना उर्दू येतं. हेडमास्तरांनी वही दाखवायला मागितलीय. मला परीक्षेला उस्मानाबादला जायचंच आहे. आलो की दुसरा गोल."

वहीच्या वाचनातूनच लिहायचं, तोंडपाठ नाही, असा त्यांचा हट्ट. आठवणीवर त्यांचा भरवसा नव्हता.

साहेब आले, जेवले, गेले. वही कुणी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी कपाटं साफ करायला काढली. उर्दू पुस्तकं, उर्दू रजिस्टरं, सगळं पोत्यात भरून आमच्या दुकानात. त्या दिवसांत असं उर्दू कागदांचं पीकच आलं होतं. तहशिलीतून येई, शाळेतून येई. पुठ्ठे शाळेच्या शिपायानं आधीच काढून घेतले होते, आली ती नुसती सुटी पानं.

मी चार दिवस फाडत होते. 'थांबा' म्हणणारा माणूस परीक्षेला गेला होता. उर्दू मला वाचता येत नव्हतं. काही पानांवर चौकोन, मधे रेघ आणि ठिपके काढलेले होते. मी समजले, जमीनमोजणीचे नकाशे असतील. कागद जाड होता, पुडी ताठ बसत होती. मला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं मला!

मास्तर परत आले ते संध्याकाळी. दमलेले होते. फुटाणे घेतले, खिशात रिकामे केले, पुडी उलगडली. एक पायरी उतरले आणि तिथंच उभे राहिले. मी पडद्याच्या भोकातून पाहत होते. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"आत्याबाई," ते म्हणाले, "हे माझं अक्षर आहे."

मग आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बोलायचं सुचलं. "मास्तर, रद्दी ती रद्दी. आमी काय वाचून फाडतो व्हय?"

"तू गप रं!" आत्याबाई ओरडल्या. "बोलायची अक्कल न्हाय तर जीभ आत ठेव."

मी उरलेली पानं पडद्याखालून बाहेर सरकवली. अर्धी, पाऊण, खळ लागलेली. बाकीची बाजाराच्या दिवशी गेली होती. कुणाच्या घरी हळद, कुणाच्या घरी मिरची, कुणाच्या घरी गूळ. त्यातली एक पुडी जरी कुणी उलगडून पाहिली असती! पण गावात उलगडून पाहणारा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर हेडमास्तरांना भेटून आले. आत्याबाईंना हसत सांगत होते. "म्हणाले, गुरुजी, ब्राझील अन् उरुग्वे घेऊन आपल्याला काय करायचंय? तुम्ही आधी मराठीत पास व्हा."

हसत! मला त्या हसण्याचा राग अजून आहे. तुम्ही हसलात म्हणून ते सुटले, मास्तर. एकदा तरी त्यांच्या टेबलावर हात आपटायचा होता.

पण दुसऱ्याला काय बोलू? मी पडद्यामागं बसून होते. 'वही गेली तर जाऊ द्या, तुम्हाला आठवतंय तेवढं सांगा, मी लिहिते.' एवढंच म्हणायचं होतं मला. चांगलं पाठ केलेलं वाक्य होतं. रोज घशापर्यंत यायचं.

परीक्षेत मास्तर नापास झाले. नोकरीतून मोकळं केलं. ते हैदराबादला बहिणीकडं जायला निघाले त्या सकाळी दुकानात आले. खिशातून मूठ काढून गल्ल्यावर ठेवली.

"मोजून घ्या, आत्याबाई. बावीस आहेत."

आत्याबाईंनी मोजले नाहीत. पदर तोंडाला लावला.

मास्तर वळले. तेव्हा मी डब्यावर टिचकी मारली. जोरात मारली. नख दुखलं.

ते थांबले. पुन्हा सांगा, एवढाच त्या टिचकीचा अर्थ होता, आणि तो त्यांना कळला. "आता वही नाही, बाई," ते पडद्याकडं बघून म्हणाले. "चुकीचं सांगितलं तर ते उरुग्वेच्या नावावर जाईल."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

उरलेल्या पानांची गुंडाळी काखेत घेऊन मास्तर मोटारीच्या अड्ड्याकडं गेले. मोटार भोंगा वाजवत होती, कुणीतरी "पळा मास्तर, पळा" म्हणून ओरडत होतं. ते पळाले नाहीत. हळू, लई हळू चालत गेले.

पुढं त्यांचं काही कळलं नाही. हेडमास्तरांचं कळलं. त्यांचा सत्कार झाला. हाराची सुतळी आमच्याच दुकानातून गेली आणि ती मीच कापून दिली.

मी लिहिलेली मराठी पानं गव्हाच्या कोठीमागं ठेवलेली आहेत. लायब्ररीत कधी गेली नाहीत. नेऊन द्यायला मीच होते आणि मी नेली नाहीत. शेवटची ओळ आहे, 'एक-एक बरोबरी झाली.' खाली कोरं.

दुसरा गोल मला पाठ आहे. चिंचोके मांडून मास्तरांनी तो किती वेळा केला असेल! आज तो लिहिते. चुकला तर माझ्या नावावर जाऊ द्या.

सामना संपायला थोडीच मिनिटं उरली होती. उरुग्वेचा उजव्या बाजूचा गडी पुन्हा तसाच धावत आला. पहिल्या वेळी, बरोबरीच्या गोलाला, त्यानं चेंडू मधल्या गड्याला दिला होता, म्हणून ब्राझीलचा गोलकीपर आधीच मधे सरकला. या वेळी त्यानं दिला नाही. गोलकीपर आणि खांब यांच्यामधे जेवढी फट होती, तिच्यातून सरळ आत मारला. दोन-एक. मैदानात दोन लाख माणसं होती. एकाच्याही तोंडून आवाज फुटला नाही.