शकूला येणारा शब्द

१९९४ साल. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि माझी शकू साडेचार. तिकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याला माझी पिठाची चक्की होती. शकू पोत्यावर बसलेली असायची. मी जवळून गेलो की माझ्या कोपरावरचं पीठ एका बोटानं पुसायची आणि ते बोट जिभेला लावायची. बेसन असलं की हसायची, ज्वारी असली की तोंड वाकडं. चक्की सुरू झाली की तिच्याच सुरात ‘ऊंऽऽ’ करायची, चक्की थांबली की हीही थांबायची. वीज गेली की गिऱ्हाईक म्हणायचं, “लो, दोनों की लाइट गई.” मीही हसायचो. तिला जाऊन आता बारा वर्षं झाली. फोटो एकच आहे आणि त्यातही ती हललेली आहे, म्हणून लिहितो.

चालायला लागली ती तीन वर्षांची झाल्यावर. बोलली नाहीच. डॉक्टरनं सांगितलं, बुद्धीची वाढ कमी आहे. मी चौथी नापास, पण ऐकून घेणारा माणूस नव्हे. म्हणालो, “साहेब, तुम्ही पाच मिनिटं पाहिलंत. मी साडेचार वर्षं पाहतोय.” माझी बायको कुसुम बाहेर आल्यावर म्हणाली, “अहो, मीही पाहतेय ना.” मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तेव्हा आमच्याकडे नव्या कॉलन्या उठत होत्या. एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर लहान मुलांची शाळा निघाली, भिंतीवर ससे आणि बदकं रंगवलेली. तिथल्या मॅडम हिंदी बोलणाऱ्या, आवाज मऊ. शकूला बघून म्हणाल्या, “भाईसाब, एक महीना रखकर देखते हैं. फिर बताऊँगी.”

रोज साडेदहाला चक्की कुसुमवर सोडून मी शाळेच्या खिडकीच्या जाळीशी जाऊन उभा राहायचो. अंगावर पीठ तसंच. पोरं ओरडायची, “शकू का भूत आया!” गोल करून सगळी टाळ्या वाजवायची. शकू नुसती ‘ऊंऽऽ’ करायची. शेजारची मुलगी तिचे हात धरून टाळी वाजवून द्यायची आणि सोडायची. हात खाली पडायचे.

एक दिवस टाळ्या थांबवायला मॅडमनी हात वर केला, “बस, बच्चों, बस!” पोरं गप्प झाली. शकू खाली बसली. पोरं खिदळली. माझ्या मात्र अंगावर काटा आला. हिंदीत बस म्हणजे पुरे. आपल्यात बस म्हणजे खाली बस. पोरीनं बरोबर ऐकलं होतं! पुढचे चार दिवस मी ताडून पाहिलं. मॅडम ‘बस’ म्हणाल्या की शकू बसायची, दर वेळी.

मग मी ऐकतो कुणाचं! साऱ्या मोहल्ल्यात सांगत सुटलो, “माझी पोरगी मंद नाही, मराठी आहे.”

कुसुम म्हणाली, “मग घरी का नाही बोलत मराठी?”

“तुझ्यापुढे या घरात बोलायला मिळतं कुणाला?”

ती हसली नाही.

महिना भरला. पोरं घरी गेल्यावर मी छाती काढून मॅडमपुढे उभा राहिलो. “मॅडम, शकू को सब समझता है. आपकी हिंदी आडवी आती है.”

मॅडमनी वाद घातला नाही. शकूला मधोमध उभं केलं. “आप मराठी में बोलिए. जो मन हो.”

“शकू, इकडे ये.” शकू उभीच.

“चेंडू दे बघू.” चेंडू तिच्या पायाशीच होता.

“शकू, बाबा कुठं आहे?” ती बदकाकडे बघत राहिली.

शेवटी म्हणालो, “बस.” ती बसली.

“देखा?” मी म्हणालो.

मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाईसाब, घर में दिनभर इससे क्या-क्या बोलते हैं?”

मी तोंड उघडलं. चक्कीचा पट्टा उघडा फिरतो. ती चालायला लागल्यापासून आमचा जीव त्या पट्ट्यात. सकाळी आठपासून मी आणि कुसुम पोत्याकडे ओरडतो: बस. तिथंच बस. शकू, बस गं. चक्कीच्या आवाजात याहून लांब काही बोलताच येत नाही, आणि चक्की थांबेपर्यंत आम्ही दमलेले. दुसरं काही तिच्याशी बोललो असेन, तर मला आठवेना.

आमच्यामुळे ती तशी झाली असं नाही. पुढे दोन डॉक्टर झाले, तेही तेच म्हणाले, जन्माचंच आहे. पण साडेचार वर्षांत तिला एक शब्द आला, आणि तो आम्ही दिलेला हा.

मॅडमनी शकूचं दप्तर माझ्या हातात दिलं. “इसे कैसे सिखाऊँ, मुझे नहीं आता, भाईसाब.” बाई खोटं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चक्की उघडली. पट्टा खुंटीवरून काढलाच नाही. शकू तिच्या पोत्यावर. तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि म्हणालो, “शकू, ऊठ.” तिनं माझ्या कोपरावर बोट फिरवून जिभेला लावलं. दळण झालंच नव्हतं, पीठ कुठून असणार. तिनं पुन्हा बोट फिरवलं. “ऊठ गं. ऊठ.” दाराशी बाया डबे घेऊन थांबल्या. एकीनं डबा वाजवला, “भाईसाब, आज छुट्टी है क्या?”

मी उठलो. पट्टा चढवला, बटण दाबलं. ‘ऊंऽऽ’ सुरू झालं, दोघांचंही. पट्टा फिरायला लागला तसं माझ्या तोंडून गेलं, “बस.”

ती बसलेलीच होती.