कानावरून न गेलेले पान

पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम त्या बाई एकोणीस वर्षे करीत आल्या आहेत. पंप कसा बसवावा, कसा उघडावा, बिघडल्यास प्रथम काय पाहावे, हे अशा शब्दांत सांगायचे की गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला मागचे पान उलटावे लागू नये. त्यांचे टेबल जिन्याखालच्या कोपऱ्यात आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाची पावले त्यांच्या डोक्यावर वाजतात, आणि पावलांवरून माणूस ओळखण्याची विद्या त्यांना फुकट साधली आहे.

कारखान्यातले सगळे लेखन आवृत्त्या सांभाळणाऱ्या एका संगणक-प्रणालीत राहते. लिहिणाऱ्याने आपला एडिटर, म्हणजे संगणकावरचे लिहिण्याचे साधन, सोडायचा नाही. त्यातच दोन-चार बटणे दाबून आजचे बदललेले पान उंबरठ्यावर आणायचे आणि मग छोटीशी टीप लिहून आत घ्यायचे. याला तेथे कमिट म्हणतात. बाई 'पक्के करणे' म्हणतात. पक्के झालेले पान पुढे कितीही बदलले तरी त्याचे प्रत्येक पूर्वरूप मागता येते. कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलले तेही कळते. इतरांच्या टिपा 'दुरुस्ती', 'पुन्हा दुरुस्ती', 'शेवटची दुरुस्ती' अशा असत. बाई लिहीत, 'नट उलट्या दिशेने सुटतो हे आधी कळले नाही तर माणूस तो मोडून ठेवील, म्हणून दुसरे वाक्य पहिले केले.' यावरून त्यांचे नाव पडले बखरवाल्या बाई.

"बाई, तुमच्या टिपा छापल्या तर पुस्तिकेहून जाड होतील," शेजारचा दाढीवाला प्रोग्रॅमर म्हणे. ही सारी प्रणाली त्यानेच त्यांना शिकवली होती.

"होऊ देत. तुमच्या 'शेवटच्या दुरुस्ती'नंतर आणखी चार दुरुस्त्या आहेत, त्या आधी मोजा."

अशा साक्षेपी बाईंच्या हातून जे स्खलन घडले, ते आळसातून घडले नाही. ते आज्ञापालनातून घडले, आणि म्हणूनच ते सांगण्याजोगे आहे.

बाईंचे सासरे पुलांचे निरीक्षक होते. अडतीस वर्षे ते एक हातोडी आणि एक दोरी घेऊन पुलांखाली उतरले. हातोडीने दगडावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. भरीव दगड एका स्वराने बोलतो, आतून सुटलेला दुसऱ्या. अशा एक्केचाळीस पुलांची माहिती त्यांच्या डोक्यात होती, आणि त्यातली पुष्कळशी कोणत्याही कागदावर नव्हती. फुप्फुसांनी दगा दिला, डॉक्टरांनी नाकाला नळी लावली, तेव्हा ते सुनेला म्हणाले, "सूनबाई, पंपांची पुस्तकं लिहितेस, माझ्या पुलांचं एक लिहून दे."

"सांगा बाबा. पण भराभर नका सांगू. माझे हात आहेत, नळ नाही."

"माझा श्वास आहे, पंप नाही. भराभर कुठून सांगू?"

त्यांनी एकच अट घातली. पान त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पक्के करायचे नाही. बाईंनी कारण विचारले. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. घरच्या लॅपटॉपवर, त्याच प्रणालीत, पहिली अठरा पाने रीतसर झाली: लिहिणे, वाचून दाखवणे, पक्के करणे. पुढे श्वास इतका तुटू लागला की दिवसाला एक पूल सांगून होताच ते गळून जात. "वाचन राहू दे. सगळे झाले की सलग ऐकेन," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. त्या रोज सायंकाळी त्या दिवसाचे पान उंबरठ्यापर्यंत आणून ठेवीत आणि तेथेच थांबत. बावीस दिवस ती पाने पाहुण्यांसारखी दाराशी उभी राहिली.

तेविसाव्या दिवशी, एका सोमवारी, त्यांनी शेवटच्या पुलाची हकीकत सांगितली. नदीवरचा सहा खांबांचा पूल. एका काठावर पिठाची गिरणी, दुसऱ्या काठावर शाळा. तरुणपणी त्यांनी अहवाल दिला होता की तिसऱ्या खांबाचा पाया पोकळ झाला आहे. टंकलेखकाने 'तिसरा खांब' एवढेच उतरवले. कोणत्या काठापासून, ते गाळले. निरीक्षकांनी न वाचता सही केली. मजुरांनी उलट्या काठाकडून मोजले, धडधाकट खांबाच्या पायाशी खोदाई मांडली, आणि पोकळ खांब त्याच आठवड्यात खचला. खाली दोन माणसे होती.

"त्यांची नावे मला पाठ आहेत," ते म्हणाले, आणि सांगितली. "घरात कुणाला बोललो नाही. लिही."

बाईंनी लिहिले. सायंकाळी ते पान उंबरठ्यावर आणायचे राहून गेले, कारण त्याच सायंकाळी सासऱ्यांचा श्वास अडकला आणि घरात रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर आले. रुग्णालयात त्यांच्या घशात नळी घातली. वाचा गेली. श्रवण शाबूत आहे असे परिचारिका म्हणाली. बोट उचलून ते होकार देत. अकराला अर्धा तास आणि पाचला अर्धा तास, एवढीच भेट. डॉक्टरांनी बाईंच्या पतींना बाजूला घेऊन सांगितले, "फार तर चार दिवस."

मंगळवारी सकाळी बाई लॅपटॉप घेऊन कारखान्यात आल्या, त्या पाने छापून घेऊन अकराला वाचायला जायचे म्हणून. नवव्या पुलाच्या पानातला तक्ता विस्कटलेला दिसला. रात्रभर जागल्या हाताचा कोपर कळफलकावर पडला असावा. ते पान तर पक्के झालेले होते, तेव्हा त्याचे मूळ रूप परत आणणे एवढेच काम. एडिटरच्या यादीत दोन आज्ञा एकीखाली एक असतात: हे एक पान पूर्ववत करा, आणि सर्व पाने पूर्ववत करा. बाईंचे बोट खालच्या आज्ञेवर पडले. एडिटरने विचारले, पक्के न झालेले सर्व बदल जातील, चालेल? दिवसातून चाळीस वेळा ज्या प्रश्नाला त्या होय म्हणत, त्याच सवयीने होय म्हणाल्या.

पडद्यावरून तेवीस पूल गेले.

बाईंनी एडिटर बंद केला आणि पुन्हा उघडला, जणू दार लावून पुन्हा उघडल्यावर खोलीतली माणसे परत दिसतील. अठरा पाने होती. बाकी कोरे.

दाढीवाला आला तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, आणखी काही दाबले जाऊ नये म्हणून.

"बॅकअप फाइली?" त्याने विचारले.

"बंद केल्या होत्या. पसारा नको म्हणून."

"एडिटर उघडाच आहे ना? मागे घेता येईल, त्याला अजून आठवत असेल."

"बंद करून उघडला."

"बंद करायला नको होता, बाई."

"ते आता कळलं. पुढचं बोला."

"पक्कं का नाही केलंत? तुम्ही? अहो, तुम्ही तर स्वल्पविराम हलवला तरी बखर लिहिता."

"त्यांनी ऐकल्याशिवाय करायचं नव्हतं." बाई म्हणाल्या. "बावीस दिवस दाराशी आणून ठेवलं होतं."

दाढीवाल्याने मान वर केली. "दाराशी म्हणजे? उंबरठ्यावर आणलं होतं? रोज?"

"रोज संध्याकाळी. मधूनमधूनही."

"मग आहेत. आत आहेत," तो म्हणाला. पान उंबरठ्यावर आणले की त्याची एक प्रत प्रणाली मुकाट्याने कोठारात ठेवून देते. पुढे तिचा उल्लेख कोणत्याही पक्क्या नोंदीत आला नाही तर ती तेथे पोरकी पडून राहते. नाव नाही, क्रमांक नाही, फक्त मजकूर. त्याने आज्ञा दिली आणि पडद्यावर अर्थहीन अक्षरांच्या रांगा उतरल्या. एकशे सत्त्याऐंशी.

"यातली कोणती शेवटची, ते मला नाही कळणार," तो म्हणाला. "ते तुम्हालाच ओळखावं लागेल."

अकराची भेट चुकली. बाईंनी एकेक पोरके पान उघडून वाचले. एकाच पुलाची सहा-सहा रूपे, कोठे एका शब्दाचा फरक. एखाद्यात 'भेग' होते आणि पुढच्यात 'केसाएवढी भेग'. बाबा दुपारच्या झोपेनंतर तो शब्द जोडायला सांगत, म्हणून ते नंतरचे. कोठे वाक्य मध्येच तुटले होते, आणि तेथे त्यांना खोकल्याची उबळ आली होती हे बाईंना स्मरत होते. त्या खोकल्यांवरून पाने लावीत गेल्या. पाचच्या भेटीला पती एकटे गेले. दाढीवाला चहा आणून ठेवी आणि तो तसाच थंड होई. "बाई, जेवा तरी," तो म्हणाला. "आधी सोळावा... नाही, एकतिसावा पूल," त्या म्हणाल्या, आकडे त्यांच्या जिभेवर ठरत नव्हते.

बुधवारी दुपारपर्यंत बावीस पूल उभे राहिले. तेविसावा त्या एकशे सत्त्याऐंशींत नव्हता. तो उंबरठ्यावर आलाच नव्हता, आणि ज्या एडिटरला तो आठवत होता, तो त्यांनी स्वहस्ते बंद केला होता. त्यांनी यादी तीनदा तपासली. नंतर दाढीवाल्याने तपासली.

त्यांनी ते पान स्मरणातून लिहिले. सगळे आले: पाण्याची खोली, चुन्याचा वास, दोन्ही माणसांची नावे. एक तेवढे आले नाही. तिसरा खांब गिरणीकडून की शाळेकडून? बाबांनी स्पष्ट सांगितले होते. त्यांचे ओठ हललेले बाईंना दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हता. ज्या एका शब्दाच्या अभावी दोन माणसे गेली, तोच शब्द दुसऱ्यांदा गळला होता, आणि या वेळी टंकलेखक त्या स्वतः होत्या.

बुधवारी पाचला, गुरुवारी अकराला आणि पाचला मिळून त्यांनी बावीस पाने वाचली. प्रत्येक पानाअंती पांढऱ्या चादरीवर एक बोट उचलले जाई. एकदा दोन उचलली गेली. बाईंनी वाक्य पुन्हा वाचले, 'वरच्या अंगाला' ऐवजी 'खालच्या अंगाला' म्हणून पाहिले, तेव्हा एक बोट आले. परिचारिका दारातून म्हणाली, "आजोबांची परीक्षा घेताय की काय?"

"ते माझी घेताहेत," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी अकराला त्या एकच पान घेऊन गेल्या. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्या कानाशी वाकल्या.

"बाबा, सोमवारचं पान माझ्या हातून गेलं. आठवेल तसं पुन्हा लिहिलंय. एक शब्द आठवत नाही." त्यांनी पान वाचले. मग विचारले, "गिरणीकडून?" चादर निश्चल होती. "शाळेकडून?" यंत्राचा तेवढा आवाज. त्यांनी दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले, अधिक हळू. मग हात हातात घेऊन, बोटाखाली आपले बोट ठेवून विचारले. हात उबदार होता, आणि त्याने काही सांगितले नाही. साडेअकराला परिचारिकेने त्यांच्या खांद्याला स्पर्श केला. दुपारी दोनच्या सुमारास ते गेले.

शनिवारी, सगळे उरकल्यावर, बाईंनी बावीस पाने पक्की केली. त्या प्रणालीत कर्त्याचे नाव वेगळे लिहिता येते आणि नोंद करणाऱ्याचे वेगळे. कर्त्याच्या जागी त्यांनी सासऱ्यांचे नाव घातले. टीप एका ओळीची होती: 'कानावरून गेले.' तेविसावे पान त्यांनी पक्के केले नाही. मात्र उंबरठ्यावर आणून ठेवले.

रविवारी त्या पतींना म्हणाल्या, "अहो, मला एका पुलावर घेऊन चला."

पती शाळेत गणित शिकवतात आणि मितभाषी आहेत. त्यांनी का म्हणून विचारले नाही. बसने दीड तास लागला. पाणी उतरले होते आणि सहाही खांब पायापर्यंत दिसत होते. पाच काळपट दगडाचे; एक फिकट, घडीव, इतरांहून तरुण. खचलेल्याच्या जागी नवा बांधलेला. बाई गिरणीच्या काठावरून मोजू लागल्या: एक, दोन, तीन, चार. चौथा. त्या पूल ओलांडून शाळेकडे गेल्या आणि उलट मोजून आल्या. तिसरा.

पुलाच्या मध्यावर, कठड्याला पाठ टेकून, त्यांनी पिशवीतून पान काढले आणि गाळलेली जागा पेनाने भरली.

"हे काय आहे?" पतींनी विचारले.

"बाबांचं. म्हणजे माझं, त्यांच्या कानावरून गेलं, पण त्यांनी बोट नाही उचललं. कुणीतरी ऐकल्याशिवाय मला पक्कं करता येत नाही."

"वाच."

त्यांनी वाचले. खचलेला खांब, उलट मोजणी, न वाचता केलेली सही. दोन्ही नावांपाशी पतींनी कठडा धरला. वडील दर वर्षी एका ठरावीक दिवशी न जेवता का राहतात, हे त्यांनी लहानपणी एकदा विचारले होते आणि थप्पड खाल्ली होती. बाईंचे वाचन संपले. पुलावरून एक सायकल गेली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "हळू."

बाईंनी पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ केला, आणि पती कठड्यावरून वाकून, बोट पुढे धरून, शाळेच्या काठाकडून खांब मोजू लागले.