हर्नियाची चाल

पोराचं लग्न ठरलं आणि पहिली पत्रिका कुणाला द्यायची यावरून घरात खलबतं सुरू झाली. नवरा म्हणाला, पहिली देवाला, दुसरी मामाला. मी म्हटलं, देवाला द्या, मामालाही द्या, पण माझ्या हातानं पहिली जाणार ती आपाला. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "इतक्या वर्षांनी? तिला आठवशील तरी का तू?" असा संताप आला म्हणून सांगू! आठवणार नाही म्हणजे काय? संताप यायचं कारण एवढंच, की नेमकी तीच धास्ती मलाही होती.

आपा म्हणजे आमची जुनी शेजारीण. पुंडलिकनगरात घर बांधायच्या आधी आम्ही जुन्या बाजाराकडं भाड्यानं राहायचो. जिना एकच, वर आम्ही, खाली आपा. तिनं तीन पोरं वाढवलेली, मी एकाच्याच मागं धावून अर्धी झालेली. नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, घरात मी, सासूबाई आणि पोरगा. दिवसातनं चारदा तरी मी खाली जायची. आपा "बैठो" म्हणायची नाही, मी विचारायची नाही. जायचं, तिच्या चुलीपुढचा पाट ओढायचा आणि गाऱ्हाणी सुरू.

पोरगा बालवाडीत जायला लागला तेव्हा शू करताना ओरडायचा, "आई, फुगा!" आधी मला हसू यायचं. नंतर बघितलं तर खरंच कातडीचा फुगा व्हायचा, धार बारीक दोऱ्यासारखी, आणि लेकरू रडून लाल. पुढं पुढं तो शाळेत जायचाच नाही शूला. दिवसभर दाबून धरायचा, घरी येऊन दारातच चड्डी ओली करायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा.

यामागं एक रीत होती. सासूबाई दौलताबादच्या पुढच्या एका खेड्यातल्या. तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना तिथल्या जागी तेल लावायचं आणि कातडी रोज मागं सारायची, असं त्यांच्याकडं चालत आलेलं. "नाय सारली तर मळ धरतो. ह्याच्या बापाचं मीच केलंय, झालं का त्याला काय?" पोरगा किंचाळायचा, मी दाराशी उभी राहून पदराला पीळ घालायची. नवी सून कशाला तोंड उघडतेय!

शेवटी सासूबाईंसकट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "लहानपणी ती चिकटलेलीच असते, आजी. वेळ आली की आपोआप सुटते, ओढायची नसते. ओढल्यानं बारीक चिरा पडल्या आणि त्या भरताना कातडी कडक झाली." मी सासूबाईंकडं बघितलंच नाही. किती दिवस मनात भांडण घोळवून ठेवलं होतं मी, पण त्यांचा हात पोराच्या डोक्यावरून हळूच खाली आला आणि मांडीत जाऊन पडला, तेव्हा भांडायचं राहूनच गेलं.

आधी मलम दिलं. लावलं नेमानं, पण फरक पडेना. मग ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले. सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे सुंता, आजी."

"अगं बाई!" सासूबाई खुर्चीतनं उठल्याच. घरी आल्या आल्या फर्मान सुटलं. "कुनाला बोलायचं नाय. इचारलं तर हर्नियाचं म्हनायचं. आपल्यात असलं करत न्हाईत, उद्या सोयरे नावं ठेवतील." नवराही माझी नजर चुकवून म्हणाला, "हर्नियाच म्हणू." झालं, पोराला हर्निया झाला.

ऑपरेशन साधं होतं, ठीक झालं. पण हर्निया म्हटल्यावर लोकांच्या सल्ल्यांना काय तोटा! एकीनं पोटाला बांधायचा पट्टा आणून दिला. दुसरी विचारते, कुठल्या बाजूचा? सासूबाई म्हणाल्या डावीकडचा, त्याच वेळी मी म्हटलं उजवीकडचा. "लई मोठा व्हता, दोन्हीकडं पसरला व्हता," सासूबाईंनी लगेच सावरून घेतलं. पोरगा आतल्या खोलीत बंद. दार वाजलं की चादर डोक्यावर ओढायचा. "मी वाईट केलंय का गं काही?" असं त्यानं मला विचारलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. पाच वर्षांचं लेकरू, दुखतंय ते दुखतंय आणि वर लपून राहायचं. कशासाठी?

तेवढ्यात आपा वर आली. पोरगा बाथरूमकडं निघाला होता, पुढनं लुंगी मुठीत धरून, पाय फाकवून, बदकासारखा. आपा दारातच थांबली. वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ये हर्निया की चाल नै है बाई."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. आपा खो खो हसायला लागली. "तीन पोट्टे पाले मैं! ये चाल मेरे कू सिखाते क्या?" मग एकदम थांबून तिनं विचारलं, "इसकी माँ किधर है? रो रही होंगी. बुलाओ उसकू, बोलो रो मत, बच्चा अच्छा है."

मी आले तशी तिनं माझा हात धरला आणि सासूबाईंना चांगलं खडसावलं. "हमारे में बच्चे कू दूल्हा बनाते, बाई. और तुम लोगां उसकू चोर के सरीका छुपा के रखे?" आमच्या घरात हे कुणाला जमलं नव्हतं.

आपा खाली गेली ती पसारा घेऊनच वर आली. सुतळीचं एक टोक पंख्याशेजारच्या हुकाला बांधलं, दुसऱ्यानं चादर मधोमध उचलून धरली. छोटा तंबूच झाला, जखमेला कापड लागायचं बंद. पोराच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला, कपाळावर सेहरा म्हणून फुलांची एक सर बांधली, आणि तूप-गुळाचा मलिदा समोर ठेवला. "अब दूल्हा राजा खाएगा." पोरगा पहिल्यांदा हसला. सासूबाईंनी लांबून बघितलं, मग जवळ आल्या, चिमूटभर मलिदा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "तूप जरा कमीच पडलं." एवढं बोलल्या म्हणजे आपा घरचीच झाली.

आपा जाताना म्हणाली, "असली दूल्हा बनेगा ना, तब भी मैंच बाँधूंगी सेहरा." दुसऱ्या दिवशी पोरगा गॅलरीत उभा राहून अख्ख्या गल्लीला ओरडून सांगत होता, "मला हर्निया नाही झाला! मी नवरदेव झालो!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पण शाळेत तो शूला जायला लागला, एकटा, न रडता.

पुढं घर बांधून आम्ही पुंडलिकनगरात आलो. सुरुवातीला ईदला जायचो, दिवाळीला आपा यायची. भांडण झालं नाही, काही बिनसलं नाही, नुसतं पातळ होत गेलं. फोन बदलले. सासूबाई गेल्या तेव्हा कळवायचंही सुचलं नाही. या घरात मोठं स्वयंपाकघर आहे, ओटा आहे, सगळं आहे. पण जिना उतरून विचारल्याशिवाय बसावं असं दार नाही. भाजी परतताना अजून वाटतं, खाली जाऊन यावं. खाली आता आमचंच पार्किंग आहे.

पत्रिका घेऊन मी आणि पोरगा गेलो. आपाची सून दारातच हळू आवाजात म्हणाली, "अम्मी अब किसी कू पहचानते नै. बुरा मत मानो."

आपा पलंगावर उशीला टेकून बसली होती, एवढीशी झालेली. मी पाया पडले, सगळं सांगितलं. जिना, मलिदा, सेहरा. तिनं अदबीनं ऐकून घेतलं, खुर्चीकडं बोट केलं आणि म्हणाली, "बैठो."

जन्मात तिनं मला बैठो म्हटलं नव्हतं. मी बसले. पत्रिका हातातच राहिली.

पोरानं माझ्याकडं बघितलं. मग उठून दारापाशी गेला. एवढा सहा फुटी, वाळूजच्या कंपनीत इंजिनियर, महिन्याभरात बोहल्यावर चढणारा. त्यानं शर्टाचं पुढचं टोक मुठीत धरलं, पाय फाकवले आणि दारापासून पलंगापर्यंत बदकासारखा चालत आला. आपाची सून तोंडावर ओढणी धरून बघतच राहिली.

आपानंही बघितलं, वरून खालपर्यंत. मग ओठाचा कोपरा हलला.

"ये हर्निया की चाल नै है," ती म्हणाली आणि हसली, तसंच, खो खो. पोरानं तिच्या पलंगापाशी गुडघे टेकले. तिनं त्याच्या कपाळावरून बोटं फिरवली, सेहऱ्याची सर बांधतात तशी. मग मान वळवून माझ्याकडंच बघत मला विचारलं,

"इसकी माँ किधर है? रो रही होंगी. बुलाओ उसकू."

मी पदरानं डोळे पुसले. म्हटलं, "आतीच होंगी आपा. बुलाती मैं."