पाहुण्या गोलकीपरच्या मागे

मी खासबागचा, तरी आपल्याच गावचा हॉकी संघ हरावा असं मला वाटू लागलं ते एका माणसामुळे. तोंडात पान घालून तो पाहुण्या गोलकीपरच्या मागे बसे. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की हाही मैदानाला वळसा घालून त्याच गोलकीपरमागे जाई आणि त्याच्या आईबहिणीचा उद्धार पुन्हा सुरू करी.

एकदा मी म्हटलं, "अहो, आपल्या पोरांचा खेळ तरी बघा."

"त्यो काय बघायचा, अण्णा? ह्याला रडवायला आलोय मी!"

त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला निपाणीच्या पोरांनी पलीकडच्या टोकाला गोल केला. याच्या पुढ्यातला पाहुणा गोलकीपर नाचायला लागला, तेव्हा कुठे यानं विचारलं, "काय झालं वो तिकडं?"

"आपण हरलो," मी टाळ्या वाजवत सांगितलं.