पिलाटेसवाल्या जयूताई

आमच्या घरात पाऊल टाकलं की जयूताई आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि मग माझ्याकडे. "पाऊण तास हाय, बाय. रडायचं असंल तर पाच मिनटं त्यातलीच घे." पहिल्या दिवशी मी ती पाचही मिनिटं घेतली.

पालघरच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी साडेतीन महिने अडकून पडले होते. तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासायचे. एके दिवशी जमिनीवरचा रसायनाचा कॅन उचलायला वाकले आणि कमरेतली गादी सरकली. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस विश्रांती, मग व्यायाम. घरच्यांनी त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा पाठ केला. सासूबाई पाण्याचा पेला हातात आणून द्यायच्या, नवरा मला गॅलरीतसुद्धा जाऊ द्यायचा नाही. मायेने कोंडलं की तक्रार तरी कोणाकडे करणार? हळूहळू मलाच जिन्याची भीती बसली. दार उघडं दिसलं तरी मी आतल्या खोलीत वळायचे. त्यात कारखान्याचं पत्र आलं, महिनाअखेर हजर व्हा, नाहीतर दुसरी व्यक्ती घेऊ.

डॉक्टरांनीच मग जयूताईंचं नाव सुचवलं. केळव्याच्या वाडीतली पन्नाशीची बाई, एसटीने येणार, हे कळल्यावर सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं की ही मालिशवाली. त्यांनी जुनी साडी अंथरली, वाटीत खोबरेल कोमट करून ठेवलं. जयूताईंनी वाटी उचलून त्यांच्याच हातात दिली. "काकी, ह्ये भाजीला घाला. हिच्या पाठीचं काम हिलाच कराया लागल." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मला वाटलं होतं पिलाटेस म्हणजे काहीतरी झगमगीत, यंत्रांचं प्रकरण असणार. प्रत्यक्षात होती एक चटई. गुडघे दुमडून पडायचं, श्वास फासळ्यांत भरायचा, सोडताना बेंबी आत ओढायची, कंबर उचलायची आणि एकेक मणका टेकवत खाली आणायची. "पोटाच्या आतला पट्टा ढिला पडला का सगळा भार कण्यावर येतो," त्या सांगायच्या. मी उत्साहात वीस वेळा करायला निघाले की सहाला थांबवत. "सहा नीट कर. वीस गाढवबी करतंय." आणि मी दात-ओठ खाऊ लागले की, "पोट आत घे, बाय. जीव नको घेऊ सोताचा."

तीन आठवड्यांत मी जेवण संपेपर्यंत ताठ बसू लागले, रात्री कूस बदलताना ओरडणं थांबलं. जिना मात्र तसाच होता. शेवटी एका सकाळी त्या मला घेऊन बाहेर पडल्या. माझ्या पुढे एक पायरी खाली उभ्या राहून म्हणाल्या, "श्वास सोड आन् पाय टाक." दुसऱ्या मजल्यावर मी फतकल मारून बसले. म्हटलं, मला परत वर न्या.

"नेते की," त्या म्हणाल्या. "माझा नवरा तीन वरसं खाटेवर हाय. त्याला उतराया पायरीच नाय. तुला हाय, म्हणून सांगते."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान सुपाऱ्या उतरवायचे. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरायची, खाली उतरायचंच नाही, अशी त्यांची रीत. एकदा दुसरी पोफळ हाताला लागली नाही. इस्पितळातली डॉक्टरीण जयूताईंना म्हणाली, ह्यांच्या कण्याला आता इलाज नाही, पण तुमच्या कण्याला आहे, तो सांभाळा. ह्यांना रोज उचलायचं तुम्हालाच आहे. तिनेच त्यांना पिलाटेस शिकवलं, पुढे रीतसर शिकायला पाठवलं. जाऊबाई यजमानांपाशी ठरावीक वेळच बसायच्या, म्हणून घड्याळाकडे बघायची ती घाई. मला माझी लाज वाटली. त्या दिवशी मी तळमजल्यावर पोचले आणि महिनाअखेरीस कामावर.

चारेक महिन्यांनी पेढे घेऊन केळव्याला गेले. म्हटलं, "ताई, तुम्ही मला सोडवलंत." त्या हसल्या. "तू सुटायला शिकलीस. मी ऱ्हायला शिकले, बाय." मग यजमानांकडे बघत चाचरत म्हणाल्या, "तुला घाई नाय ना? जाऊबाय म्हायेरी गेल्यात. ह्यांच्यापाशी बसशील जराशी? मी दर्यावर जाऊन येते."

सुरूच्या बनापलीकडे समुद्र होता. लाटा घरात ऐकू येत होत्या आणि तीन वर्षांत त्या तिथवर गेल्या नव्हत्या. चपला घालून त्या भराभर निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने यजमानांना कूस बदलायची होती. काठीसारखं हलकं शरीर. मी पोट आत घेतलं, श्वास सोडला आणि त्यांना वळवलं. तास उलटला, उन्हं कलली, तरी जयूताई येईनात. माझा जीव घाबरा झाला. हाक मारायला मी दाराकडे निघाले, तर खाटेवरून आवाज आला.

"नको, बाय. बोलवू नको तिला. फिरूदे."