बा म्हटलं की निघायचं

माझ्या सासूबाईंना, जयाबाईंना, माझा आवाज कधीच पसंत नव्हता. मी त्यांना आत्या म्हणते. मी वडगावची. आमच्या घरात सोप्यातच माग चालायचे, आणि त्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकूच यायचं नाही. लग्न होऊन मच्छे गावात आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी "चहा झालाऽऽ" म्हणून हाक मारली, तर गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "हळू गं रूपाली," आत्या म्हणाल्या, "घरात माणसं हाईत, माग न्हाईत." त्या दिवसापासून "हळू गं" हे माझं दुसरं नावच पडलं.

आत्या स्वतः कणकुंबीच्या. जंगलातलं गाव, मलप्रभा उगम पावते तिथलं. नवी सून म्हणून मच्छ्याला आल्या तेव्हा एवढा रस्ता, एवढी माणसं बघून त्यांची वाचाच बसली होती म्हणे. त्यांना पहिली हाक मारली ती भिंतीपलीकडच्या मल्लव्वानं. मल्लव्वा कानडी, मराठीचा गंध नाही. आत्यांना कानडीचा नाही. मल्लव्वा भिंतीवरून नुसता हात हलवून म्हणाली, "बा, जयक्का, बा!" कानडीत बा म्हणजे ये. आत्यांना तो एक शब्द कळला, आणि तेवढ्या एका शब्दावर त्या गेल्या.

मग जन्मभर जात राहिल्या. दुपारची जेवणं झाली की पलीकडून "बा!" आणि अलीकडून "आलो, आलो!" आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात, पुण्याकडची माणसं हसतात, हसू देत. दोघी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायच्या आणि भांडायच्याही तसंच. त्या भिंतीवर कधी सीमावाद झाला नाही. झाला तो एकदाच, शेवग्याच्या फांदीवरून, आणि तोही आमटीत मिटला. मी कधी म्हटलं, "आत्या, हातातलं तरी संपवून जावा," तर उत्तर ठरलेलं, "बा म्हणल्यावर थांबू न्हाय."

गेल्या वर्षी मल्लव्वा गेली. आत्या रडल्या, जेवल्या, टीव्हीही बघू लागल्या. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनात. देवळात नाही, लग्नाला नाही. दुपारी त्या वेळेला भिंतीकडच्या बाजूला जाऊन बसायच्या आणि नुसत्या बसून राहायच्या. मला त्याचा राग यायचा. खरं तर ती काळजी असायची, पण माझ्या आवाजात काळजीसुद्धा भांडणासारखी ऐकू येते.

अशात आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला रंगाच्या कंपनीकडून व्हिएतनामची सहल लागली. दोघांची. विक्रमच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पासपोर्टची मुदत कधीच संपली होती आणि ते त्याला ऐन वेळी कळलं. तहान लागली की विहीर खणायची, ही त्याची जुनी पद्धत. आत्यांचा पासपोर्ट मात्र तयार होता. नणंदेच्या बाळंतपणाला त्या मस्कतला जाऊन आल्या होत्या. विक्रम म्हणाला, "आईला घिऊन जा. जरा बाहेर पडंल. पर नीट परत आण हं रूपा." हे शेवटचं वाक्य मी पदराला गाठ मारून बरोबर नेलं.

व्हिएतनामच्या शहरात आमची गाईड होती लान नावाची मुलगी. बोटभर उंच झेंडी घेऊन पुढं चालायची आणि सोप्पं इंग्रजी बोलायची, त्यामुळं माझंही तिच्यापुढं चालून गेलं. तिथं रस्त्यावर स्कूटरींचा नुसता लोंढा. लान म्हणाली, थांबू नका, पळू नका, सावकाश चालत राहा. आमच्या ग्रुपमधले भले भले पुरुष फुटपाथवर खिळून उभे, आणि आत्या आपलं इरकलीचं लुगडं सावरून पलीकडं पोचल्यासुद्धा. "गोव्याच्या रस्त्यावर रोज म्हस घिऊन जात हुतो," एवढंच म्हणाल्या. बाजार बघितला, जुनं पोस्ट ऑफिस बघितलं. आत्या सगळीकडं आल्या, पण घरी बसायच्या तशाच. खुर्ची फक्त बदलत होती.

दुसऱ्या दिवशी बसनं मेकाँगच्या मुखाकडं नेलं. नदी बघून आत्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "ही नदी म्हणतीस? आमच्याकडं नदी कुंडातनं निघती. हिला काठ कुठाय?" मग बोटीनं एका बेटावर उतरवलं आणि नारळाच्या वड्या कशा करतात ते दाखवलं. "हितकं लांब आणून नारळच दावलासा व्हय?" आत्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. टोमणा मारणारं माणूस बरं होतंय असं समजावं.

पुढं छोट्या होड्यांतून झाडीतल्या कालव्यातून फिरायचं होतं. धक्क्यावर गर्दी, प्रत्येक होडीवर वल्हं धरून एक एक बाई, सगळ्यांच्या डोक्यावर त्या टोकदार टोप्या. मी विक्रमला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नदीकडं धरला. "आईला दाव की," तो म्हणाला. मी फोन वळवला. शेजारी आत्या नव्हत्या.

मी फोन तसाच बंद केला. मागं बघितलं, दुकानात बघितलं, बायकांच्या संडासात बघितलं. इरकलीचं हिरवं लुगडं कुठंच नाही. खाली ते चहाच्या रंगाचं पाणी, आणि आत्यांना पोहता येत नाही. नीट परत आण हं रूपा.

लान धावत आली. तिनं फळवालीला विचारलं. फळवालीनं हातवारे करून सांगितलं, म्हातारी पाण्यात पडलेली नाही, होडीत बसून गेली. एका होडीवाल्या आजीनं हाका मारल्या आणि ही तडक जाऊन बसली. कदाचित ती आजी दुसऱ्याच ग्रुपची; हिला आपलीच मागं राहिलेली प्रवासी समजली असावी.

"पण बोलावलं म्हणून अनोळखी होडीत कोण बसतं?" लान म्हणाली. "काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"काय म्हणणार? बा, बा ओय. आमच्याकडं बा म्हणजे आजी. कुठल्याही म्हाताऱ्या बाईला आम्ही तसंच बोलावतो."

मी तिथंच पायरीवर बसले. आजी म्हणे! आमच्या आत्यांना त्याचा अर्थ काय लागला असणार हे त्या धक्क्यावर फक्त मला कळत होतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. लानला मी कसंबसं सांगितलं की आमच्या गावात बा म्हणजे ये. ती घाबरून म्हणाली, "मग इथं तर दिवसभर सगळेच तिला बोलावत असणार!"

आम्ही एक होडी घेऊन आत शिरलो. दोन्हीकडून झावळ्या खाली आलेल्या, पुढं कालव्याला फाटे फुटलेले. मी हाका मारू लागले, "आत्याऽऽ! ओ आत्याऽऽ!" उत्तर नाही. वल्ह्यांचा आवाज, मोठ्या बोटींची इंजिनं, टुरिस्टांचा गलका. लान म्हणाली, आता दमानं घे, धक्क्यावर परत येतीलच. दमानं घेणं आमच्या रक्तात नाही. मी होडीत उभी राहिले. होडीवाली ओरडली, लाननं माझा ड्रेस धरला. मी छातीत भरेल तेवढा श्वास घेतला आणि वडगावच्या मागांवरून जाईल अशी हाक दिली, "बाऽऽऽ! जयक्का, बाऽऽऽ!"

कालव्यातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. टोप्यांच्या रांगाच्या रांगा माझ्याकडं बघू लागल्या. आणि डावीकडच्या फाट्यातून, झावळ्यांच्या मागून, आवाज आला.

"आलो, आलो!"

आधी होडीचं टोक दिसलं, मग टोपी घातलेल्या दोन म्हाताऱ्या. त्यातली एक आमची. मधे आत्यांच्या पिशवीतला आमचा घरचा डबा उघडा. होडीवाल्या आजीच्या एका हातात वल्हं आणि दुसऱ्या हातात शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा. "वरडतीस कशाला?" आत्या म्हणाल्या. "आलो म्हणालो की!"

होड्या एकमेकींना लागल्या आणि मी आत्यांच्या गळ्यात पडले. होडी अशी हलली की त्यांनी मलाच घट्ट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या गळ्यात कधी पडले नव्हते. पाया पडले होते, ते सणाला. सुटले बाई, सुटले, एवढंच माझ्या तोंडून निघत होतं. मी विक्रमला फोन करून आई दाखवली. टोपीसकट. तो म्हणाला, "अगं, मगाशी फोन का कट केलतीस?" मी म्हटलं, "रेंज न्हवती."

परतताना बसमध्ये आत्या खिडकीशी बसल्या होत्या. आपणहूनच म्हणाल्या, "मल्लव्वा न्हाय, ते कळतंय गं मला. माजं डोस्कं फिरलं न्हाय. पर त्या बाईनं बा म्हणलं आन् पाय आपसूक उठलं. लई दिस झालं कुणी म्हणलं न्हवतं."

मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुजा आवाज आला तवा म्या वळकला. दुसरं कोण आसं वरडणार?"

आम्ही मच्छ्याला परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. आत्या घरात आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी मागच्या दारानं बाहेर गेले, दोन कप चहा भिंतीवर ठेवला. सासूला नावानं हाक मारणारी सून आमच्या गल्लीत अजून झाली नव्हती. पलीकडं मल्लव्वाची सून कपडे वाळत घालत होती, ती बघत राहिली. बघू दे म्हटलं.

"बाऽऽ! जयक्का, बा!"

आत काही हललं नाही. चुकलं की काय, नको तिथं हात घातला की काय. मग खुर्ची सरकली, आणि चपला शोधणारे पाय वाजले.

"आलो, आलो!"

हळू गं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.