आतडं कुठे अडलं होतं

माझी आई लोधिवलीच्या मागच्या अंगाला राहते आणि वालाची शेती अजून स्वतः बघते. मी मोहोपाड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. रविवारी गावी जातो. आठ वर्षांपूर्वी कर्जतला तिची गर्भपिशवी काढली. ऑपरेशन चांगलं झालं, टाके कोरडे झाले, दोन महिन्यांत ती पुन्हा शेतावर.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पोटदुखी सुरू झाली. जेवलं की पोट फुगायचं, कळा यायच्या, उलटी झाली की बरं वाटायचं. दोन दिवसांत सगळं आपोआप शांत. चौकच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, खोपोलीच्या डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं. आईनं तिखट बंद केलं नाही, बंद केलंय असं डॉक्टरांना सांगितलं मात्र. जुन्या ऑपरेशनबद्दल कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्याचा इथे काय संबंध, असंच आम्हाला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात वाल उपटताना कळ आली ती थांबेचना. हिरवट उलट्या होऊ लागल्या. शेजारच्या काकूंचा फोन आला तसा मी कामावरून निघालो आणि तिला पनवेलला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जनबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी आधी पोट दाबलं नाही. बेंबीखालच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मावशी, हे कधीचं?"

एक्स-रे झाल्यावर त्यांनी मला समजावलं. पोट उघडलं की आतली नाजूक आवरणं दुखावतात. ती भरून येताना कधीकधी आतडं शेजारच्या भागाला चिकटतं, नाहीतर मध्येच एखादी दोरीसारखी पट्टी तयार होते. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. एखाद्याचं आतडं मात्र त्या पट्टीखाली अडकतं. दिवसभर चिकट रसायनं हाताळणारा माणूस मी, पण बरं होण्यातूनच असा गुंता होतो हे मला नवं होतं. मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. आई नाकात नळी घेऊन ऐकत होती. शेवटी तिनंच विचारलं, "बाई, कापल्यानं चिकटलं ना? मंग परत कापून ते सुटंल कसं?"

बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आम्हा सर्जन लोकांना हाच प्रश्न पडतो, मावशी. म्हणून मी आधी थांबणार आहे."

दोन दिवस तोंडानं काही नाही, फक्त सलाईन. बाई सकाळ-संध्याकाळ येऊन पोट तपासायच्या आणि वारा सरला का, एवढंच विचारायच्या. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, ताप आला. तेव्हा त्यांनी वेळ घालवला नाही.

ऑपरेशननंतर त्यांनी फोनवर फोटो दाखवला. बुटाच्या नाडीएवढी पांढरी पट्टी आणि तिच्याखाली दबून काळपट पडलेलं आतडं. पट्टी कापल्यावर थोड्या वेळात त्याचा रंग परत आला, म्हणून काढावं लागलं नाही. या वेळी आतडं ओलं राहील, कमीत कमी हाताळलं जाईल, असं बघितल्याचं त्यांनी सांगितलं. तरी पुन्हा चिकटणार नाही अशी खात्री त्यांनी दिली नाही, आणि ते मला बरं वाटलं.

आई घरी आल्यावर मी पहिलं ऑपरेशन केलेल्या कर्जतच्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही. त्यांना हे ठाऊक होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्यांनी पनवेलचा कागद दोनदा वाचला.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "पुस्तकात असतंच. पण मी आईंना सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगू का? माझ्याकडे असं कोणी परत आलेलंच मला आठवत नाही."

"मग कुठे जातात?"

"तुम्ही गेलात तसे. दुसरीकडे. मला वाटत राहतं, माझे सगळे पेशंट बरे आहेत."

त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. निघताना त्यांनी त्या कागदाची झेरॉक्स आणि आईचा नंबर मागून घेतला.

त्यांनी खरंच फोन केला, तोही भर दुपारी. रविवारी गेलो तर आई जेवायला वाढताना सांगू लागली, "तुजा तो डॉक्टर लय विचारतो रं. पयलं कधी दुखलं, काय खाल्लं व्हतं, मला का नाय सांगितलं. मी म्हटलं, तुमी विचारलं कुठं?"

"मग काय म्हणाले?"

"म्हनला, आता विचारतो. गावात आनखी कुनाचं ऑपरेशन झाल्यालं हाय का, तेपन विचारलं. मी चौघींची नावं दिली. चौथीचं ऑपरेशन नाय झाल्यालं, पन तिचं पोट दुखतं म्हनून तिचंबी सांगून टाकलं."